बुजरे शिंगरू

घोडा म्हटला की रणांगण डोळ्यांसमोर येते, आणि मग घोड्याला शूर म्हणून लोक मोकळे होतात. वस्तुस्थिती निराळी आहे. घोडा हा स्वभावतः भित्रा प्राणी आहे. त्याला वाघाची नखे नाहीत की बैलाची शिंगे नाहीत. उघड्या माळावर ज्याने शत्रूला आधी पाहिले आणि आधी पळ काढला, तोच त्याच्या पूर्वजांपैकी वाचला. म्हणूनच शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत पायांवर उभे राहते आणि त्याच दिवशी आईमागे धावू लागते. पळणे त्याला शिकवावे लागत नाही. भय वाटत असताही न पळता थांबणे, हे मात्र शिकवावे लागते. आणि शिंगराच्या सगळ्या शिक्षणात कठीण भाग तोच.

या कामी दोन चुकीच्या समजुती फार रुळलेल्या आहेत. वाटेत एखादे फडके वाऱ्याने फडफडते, शिंगरू बुजून बाजूला उडी घेते आणि स्वार चाबूक ओढतो. चाबकाच्या धाकाने भीती मोडेल, असे त्याला वाटते. शिंगराच्या ध्यानात राहते ते एवढेच की, फडक्याजवळ गेले की अंगावर वळ उठतो. एक भीती होती, तिथे दोन झाल्या. दुसरी समजूत दिसायला ममतेची आहे. काही धनी शिंगराला गोंगाटापासून दूर, ठाणावर बांधून वाढवतात. वेळेवर चंदी, रोज खरारा, आणि बाहेरचा वारा म्हणून लागू द्यायचा नाही! असे शिंगरू देखणे निपजते यात शंका नाही; पण अंगणापलीकडचे सारे जग त्याला परके राहते. मारणाऱ्यापेक्षा हा धनी दयाळू खरा, पण शिंगराचे नुकसान तोही करतोच.

शिंगरू का बुजते, हे समजून घ्यायचे तर त्याच्या डोळ्यांचा विचार केला पाहिजे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते. पण कपाळासमोरचे अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. समोरची वस्तू नीट न्याहाळण्यासाठी त्याला मान वरखाली करावी लागते. नेमक्या त्याच क्षणी घाबरलेला स्वार लगाम आवळतो, आणि जे पाहून घोड्याची भीती गेली असती ते पाहण्याचीच त्याला बंदी होते. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याची दृष्टी माणसापेक्षा सावकाश सरावते. काळोख्या पागेच्या दारात तो अडून राहतो, ते हट्टाने नव्हे.

जाणता चाबूकस्वार काय करतो? त्याला शिंगराला ताडपत्रीची ओळख करून द्यायची आहे, असे समजू. पहिल्या दिवशी तो ती दूर पसरतो आणि तिथून दिसेल अशा जागी शिंगराला तोबरा देतो. पुढे मोहरकीची दोरी सैल धरून तो त्याला जवळ नेतो. शिंगराने कान टवकारले, नाकपुड्या फुगवल्या की तो थांबतो, ओढत नाही. एक पाऊल पुढे पडले की दोरी लगेच सैल सुटते, आणि पाऊल टाकल्याने सुख झाले ही गोष्ट शिंगराला कळते. मग एखादी वयस्क, शांत घोडी ताडपत्रीवरून चालवत नेली जाते. शिंगरू पाहते, हुंगते, खुराने चाचपते. सळसळ झाली की दचकून मागे सरते. त्याला सरू द्यावे! थोड्या वेळाने कुतूहलाने तेच परत येते. चारही पाय ताडपत्रीवरून गेले की त्या दिवसाचे काम संपले. दुसऱ्या दिवशी उलट बाजूने आणले तर कदाचित ते पुन्हा बुजेल, कारण तिकडून तीच वस्तू त्याला निराळी दिसते. अशा दहा गोष्टी झाल्या की अकराव्या गोष्टीशी ते पळण्याआधी थांबते आणि पाहते. ताडपत्री निरुपद्रवी आहे, हा धडा त्यामानाने किरकोळ होय.

ही विद्या नवी नाही. सुमारे 2,400 वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. शिंगराला गर्दीतून न्यावे, तऱ्हेतऱ्हेची दृश्ये आणि आवाज यांच्याजवळ न्यावे, आणि ते भ्याले तर न मारता चुचकारून भीती घालवावी, असे त्याने सांगितले आहे. अलेक्झांडरची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. ब्युसेफलस हा घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो, हे त्या मुलाने हेरले, घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले आणि वर मांड टाकली, असे प्लुटार्क सांगतो. मुलाचे निरीक्षण दाद देण्याजोगे खरेच. परंतु सूर्य काही जन्मभर समोर राहत नाही. त्या घोड्याला कधीतरी पाठ फिरवून आपल्या सावलीशी ओळख करून घ्यावीच लागली असणार. कथेत मात्र त्या कंटाळवाण्या दिवसांना जागा मिळालेली नाही.

या शिक्षणाचा खरा वैरी उतावळेपणा आहे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत चालू असते. व्हिएन्ना येथील प्रसिद्ध अश्वशाळेत लिपित्सानेर घोड्यांचे शिक्षण चौथ्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि ते पुरे व्हायला कित्येक वर्षे लागतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मात्र कालचे शिंगरू आज वरातीत उभे केले जाते. कानाशी ताशा, पायाशी फटाके, पाठीवर घाबरलेला नवरदेव! त्यात ते उधळले आणि कोणी पायाखाली आले, तर दोष घोड्याच्या माथी. एकदा ‘खोडीचा’ हा शिक्का बसला की त्याची किंमत उतरते, आणि ते बाजारामागून बाजार हिंडत राहते.

नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडे येथे तापीच्या काठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दूरदूरच्या प्रांतांतून तिथे जनावरे येतात. गिऱ्हाईक घोड्याचा रंग पाहते, उंची मापते, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते बारकाईने निरखते. दोन पावलांवर ढोल वाजत असतो. घोड्याला सैल दोरीने त्या ढोलापर्यंत नेऊन आणावे, असे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते.