रॉकेल खाणारे यीस्ट

पाव फुगवणारे यीस्ट साखरेवर जगते, हे बेकरीत राबणाऱ्या आपल्या बांधवांना सांगायला नको. पण त्याचेच काही भाऊबंद रॉकेल-डिझेलवर पोसले जातात असे म्हटले, तर वाचक हसतील. तरी ते खरे आहे. ‘यारोविया लिपोलिटिका’ हे त्यांतले एक.

रॉकेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्या. त्या पाण्यात विरघळत नाहीत आणि पकडायला त्यांना कडीही नसते. म्हणून बहुतेक सूक्ष्म जीव त्यांच्या वाटेला जात नाहीत. या यीस्टजवळ मात्र ‘सायटोक्रोम पी-४५०’ या घराण्यातले एन्झाइम असते. एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले विकर, हे पेशीतली कामे झटपट उरकणारे प्रथिन. याच्या पोटात लोहाचा अणू असतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो तशाच चौकटीत बसवलेला. हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू घेऊन ते साखळीच्या टोकाला चिकटवते. झाली कडी तयार! त्या टोकाचे आधी अल्कोहोल, मग अल्डिहाइड, शेवटी आम्ल बनते. म्हणजे रॉकेलचे स्निग्धाम्ल झाले, गोडेतेलात असते त्याच प्रकारचे. पुढे दुसरी एन्झाइमे त्याचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडतात. आपण खाल्लेल्या तेलाचेही शरीरात असेच तुकडे पडतात. हवा नसेल तर मात्र पहिलीच पायरी अडते.

या करामतीवर माणसाने कारखाने काढले. १९६०च्या दशकात फ्रान्समधील लाव्हेरा येथे ब्रिटिश पेट्रोलियमच्या आल्फ्रेड शांपान्या यांनी खनिज तेलातल्या मेणावर यीस्ट वाढवले. ते वाळवून जनावरांना प्रथिनांचे खाद्य म्हणून द्यायचे, असा बेत होता. सोव्हिएत रशियाने तर हा धंदा फार मोठ्या प्रमाणावर केला. पण लेनिनग्राड प्रांतातील किरिशी गावात वाळलेल्या यीस्टची धूळ कारखान्यातून हवेत पसरली. माणसे, लेकरे दम्याने आणि ॲलर्जीने बेजार झाली. १९८७ साली गावकरी हजारोंनी रस्त्यावर उतरले. दोष यीस्टचा नव्हे, लोकवस्तीवर धूळ सोडणाऱ्यांचा, असे आमचे मत आहे.

हे यारोविया मुंबईजवळच्या तेलकट समुद्राच्या पाण्यातही सापडले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहात त्याचा क्रमांक ३५८९ आहे. दहा ते अठरा कार्बनच्या साखळ्या ते खाते, आणि बॉम्बे हायच्या कच्च्या तेलावरही ते वाढले. अर्थात हे प्रयोगशाळेतल्या चंबूत, हवा खेळती ठेवून.