अडगळीतून निघालेला कूलर

होळी उलटली की आम्हां ग्वाल्हेरकरांच्या घरोघरी अडगळीतला कूलर बाहेर येतो. गेल्या वर्षी तो सुरू करून पत्र्यास हात लावला, तोच आम्हांस झिणझिण्या आल्या. पाहतो तो अर्थिंगची तार सुटलेली! पत्रा, पाणी आणि वीज एकत्र नांदतात, तिथे एवढी चूकही जीवघेणी ठरते.

म्हणून प्लग जोडण्याआधीच वायर टोकापासून टोकापर्यंत तपासावी. उंदरांनी कुरतडली असल्यास चिकटपट्टी न लावता ती बदलावी. पंख्याचे पाते हाताने फिरवावे; जड फिरल्यास बेअरिंग कोरडे पडले असे समजावे. सहज फिरूनही वीज देताच पंखा नुसता गुणगुणला, तर बहुधा कपॅसिटर दुबळा झालेला असतो. तो मिस्त्रीकडूनच बदलून घ्यावा. पंप पाणी चढवीत नसल्यास प्लग काढून त्याच्या चाकावरील क्षार खरवडावेत.

तीन पिनांचा प्लग व पक्की अर्थिंग यांना पर्याय नाही. घरात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असल्यास गळती होताच ते वीज तोडते. त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. आणि पाणी भरताना प्लग काढलेलाच असावा, हा नियम मुलाबाळांसही लावून द्यावा. गारवा हवाच, पण जिवापेक्षा मोठा नव्हे.