बाटलीचा टंच

तेजाबानं भाजलेला हात मला लांबून ओळखता येतो. लखनौच्या चौकातल्या सराफ्यात बत्तीस वर्षं सोनं गाळतोय. शोऱ्याचं तेजाब बोटावर पडलं की कातडी पिवळी पडते, आठवड्याभरात सालपट निघतं आणि खालून नवी कातडी येते. भट्टी, मूस, टाकणखार, तेजाब, यांपैकी कुणी माझं फारसं वाकडं केलं नाही. माझे हात गेले ते भांडी घासायच्या हिरव्या लिक्विडनं.

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, विट्याच्या पलीकडच्या एका गावचे. दुष्काळानं उठवलेली आमची माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली. सराफबाजार असलेल्या बहुतेक शहरांत आमच्याकडचा एखादा तरी भेटतो. आमचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नात जातं: यात नेमकं काय आहे आणि किती आहे? गिऱ्हाईक डाग घेऊन येतं आणि आम्ही टंच काढून देतो. हजारात नऊशे सोळा म्हणजे बावीस कॅरेट. त्यात पाच कमी निघाले तरी भांडण होतं.

गेल्या वर्षी जानेवारीत धुक्यानं ओल्या झालेल्या पायरीवरून घसरून हिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग आणखी महिनाभर जपायचं. भांडी माझ्याकडे आली. पहिल्यांदा मजा वाटली. घासणीवर हिरवी धार सोडायची, लिंबाचा वास, भरपूर फेस. "अहो, एवढं नका ओतू, एका बाटलीत दोन महिने काढते मी," असं ही स्वयंपाकघराच्या दारातून सांगायची. मी ओतायचो.

फेब्रुवारी संपता संपता बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. मग साबुदाण्यापेक्षा बारीक असे पाण्याचे फोड आले, ते फुटले आणि कातडीला चिरा पडल्या. चिमट्यानं मूस उचलताना हात थरथरायला लागला. दुकानात सगळे म्हणाले, तेजाब. मीही तेच धरून बसलो.

औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध, तिन्ही एकाच मलमात. चार दिवसांत हात गुळगुळीत. लावायचं थांबवलं की दुप्पट जोरानं परत. असे तीन महिने गेले. असली स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा केंद्राचा नियम 2018 पासून आहे, हे मला नंतर कळलं. दुकानदारानं माझ्याकडे चिठ्ठी एकदाही मागितली नाही, आणि मी तरी कुठे दाखवणार होतो?

मे महिन्यात त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, तेजाब उजव्या हातावर जास्त उडतं ना? म्हटलं, हो. मग दोन्ही हात सारखेच कसे खराब झाले? मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी एका वाक्यात फरक सांगितला. तेजाब कुणालाही जाळतं, ॲलर्जी एखाद्यालाच धरते. एखाद्या पदार्थाशी पुन्हापुन्हा संबंध आला की काहींच्या शरीरातल्या पेशी त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवतात. एकदा ओळख पटली की ती सहसा जन्मभर टिकते, आणि मग अगदी कणभर माल पुरतो.

चाचणी मात्र लगेच होईना. लखनौच्या उन्हाळ्यात घामानं पाठीवरच्या पट्ट्या सुटतात, म्हणून थंडीपर्यंत थांबायला सांगितलं. मध्ये दिवाळी आली आणि घराला प्लास्टिक पेंट दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पापण्या एवढ्या सुजल्या की आरशात नीट दिसेना. हात तर रंगाला लावलासुद्धा नव्हता.

नोव्हेंबरअखेर पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. ॲल्युमिनियमच्या छोट्या टिकल्या, प्रत्येकीत एकेक पदार्थ, रांगेनं. दोन दिवस आंघोळ नाही, वाकून ओझं उचलायचं नाही. अठ्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढल्या, पेनानं खुणा केल्या आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. याडासोन नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1895 मध्ये ही रीत मांडली. सव्वाशे वर्षं झाली तरी तिला पर्याय नाही. रक्ताची नेहमीची तपासणी हे सांगत नाही.

ते चार दिवस मी धास्तावलेला होतो. निकेल निघालं तर? सोनंच निघालं तर? सोन्याची ॲलर्जी होते. अमेरिकेतली स्पर्शजन्य त्वचारोगाच्या डॉक्टरांची संघटना दरवर्षी एका पदार्थाला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवते, आणि 2001 चा मान सोन्याला होता. माझ्या पट्ट्यांच्या यादीत गाजर गवतही होतं. डॉक्टर बाई हसून म्हणाल्या, "ये तो आपके पूना की देन है." खरंच, हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते 1950 च्या दशकात पुण्यात, आणि त्यानं होणाऱ्या त्वचारोगावरचा गाजलेला निबंधही 1974 चा, पुण्याच्या डॉ. लोणकरांचा. गावी बांधावर ते उपटताना चुलत्याचं तोंड कसं काळंठिक्कर पडायचं ते आठवलं.

सोनं निघालं नाही. निकेल नाही, गवत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या पट्टीत एकच जागा लाल होऊन फुगली होती. डॉक्टर बाईंनी नाव कागदावर लिहून दिलं: मिथाइलआयसोथायाझोलिनोन.

हे काय, तर पाण्याच्या वस्तूत जंतू आणि बुरशी वाढू नये म्हणून घालायचं टिकवण द्रव्य. शाम्पू, हात धुवायचा साबण, ओले टिश्यू, भांड्यांचं लिक्विड यांत हे किंवा याची भावंडं असतात. पाण्याच्या रंगातही असतात आणि ताज्या रंगाबरोबर हवेत उडतात. माझ्या पापण्यांचा उलगडा तिथे झाला.

घरी आलो. सराफी भिंग डोळ्याला लावलं आणि मोरीतल्या सगळ्या बाटल्या ओळीनं मांडल्या. ही म्हणाली, "आता शाम्पूचा टंच काढणार का?" तेच करत होतो. शाम्पूवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत यादी होती, आणि तिच्या शेपटीला, रंगाच्या आधी, ते नाव सापडलं. सौंदर्यप्रसाधनांवर घटक छापायची आपल्याकडे सक्ती आहे. 2020 च्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं द्यायचे आणि बाकीचे नंतर कसेही. टिकवण द्रव्यं त्या 'नंतर'मध्येच असतात, पण असतात तरी. हिरव्या बाटलीवर मात्र लिंबाचं चित्र होतं, किंमत, वजन, कारखान्याचा पत्ता, आणि 'प्रिझर्व्हेटिव्ह' एवढा एक शब्द. कुठलं, ते नाही. फरशीच्या लिक्विडवर तर तेवढंही नव्हतं. रंगाचा रिकामा डबा गच्चीवर होता, त्यावर रंगाचं नाव मोठं सुरेख होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. भांड्यांचं, कपड्यांचं, फरशीचं लिक्विड आणि भिंतीचा रंग यांवर टिकवण द्रव्याचं नाव छापायची सक्ती करा. बंदी मागत नाही. युरोपात साबण-लिक्विडच्या 2004 च्या नियमानुसार टिकवण द्रव्य कितीही कमी असलं तरी नाव द्यावंच लागतं. कमीजास्त किती हा प्रश्न नंतरचा, कारण ज्याला ॲलर्जी आहे त्याला नावच हवं असतं.

प्रमाणाची गोष्टही आमच्या काट्यावर तोलून पाहण्यासारखी आहे. युरोपनं 2005 मध्ये हे द्रव्य प्रसाधनांत एकटं वापरायला परवानगी दिली, दहा लाख भागांत शंभर भाग. म्हणजे किलोत शंभर मिलिग्रॅम. काही वर्षांतच तिथले दवाखाने अशा रुग्णांनी भरायला लागले. 2013 चा 'वर्षाचा ॲलर्जीकारक' हेच ठरलं. मग लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमधून ते काढून टाकायला लावलं आणि धुऊन टाकायच्या वस्तूंत मर्यादा पंधरावर आणली. पंधरा म्हणजे शंभर किलो शाम्पूत दीड ग्रॅम. मूस फुटून एवढं सोनं राखेत गेलं तर मी संध्याकाळपर्यंत राख चाळत बसेन.

यात एक गंमतही आहे. पॅराबेन नावाच्या जुन्या टिकवण द्रव्यांवरून 2004 च्या सुमारास कॅन्सरची आवई उठली. बाटल्यांवर 'पॅराबेन फ्री' झळकायला लागलं आणि त्यांची जागा ज्या द्रव्यांनी घेतली त्यांत माझं हे लांबलचक नावही होतं. पुढे 2019 मध्ये त्याच अमेरिकन संघटनेनं पॅराबेनला 'वर्षाचा बिनॲलर्जीकारक' म्हणून गौरवलं, कारण त्यांची ॲलर्जी फारच थोड्यांना होते. काय नाही ते पुढच्या बाजूला ठळक छापायचं, आणि काय आहे ते मागे बारीक. आमच्या धंद्यात असं कुणी केलं तर त्याच्या दुकानापुढे रांग लागेल, आणि ती गिऱ्हाइकांची नसेल.

'केमिकल सोडा, घरचं वापरा' असं सांगणाऱ्यांनाही माझा नमस्कार. हिनं रिठे उकळून पाणी केलं, बाटलीत भरलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर सगळं घर पळालं. वर तार सुटली होती. पाणी आहे तिथे जंतू येणारच. चौकातल्या अत्तरवाल्याचा माल वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यात चंदनाचं तेल असतं आणि पाण्याचा थेंब नसतो. अत्तराचीही ॲलर्जी होते, ती कथा वेगळी. सांगायचं एवढंच की टिकवण द्रव्य लागतंच. फक्त तोंड झाकून येऊ नये.

आणि हे लखनौत बसून लिहावं लागतं याचं वाईट वाटतं. महात्मा गांधी मार्गावर केंद्राची विषविज्ञान संशोधन संस्था आहे, सिब्ते हसन झैदींनी 1965 मध्ये उभी केलेली. मिठाईतले खोटे रंग, मोहरीच्या तेलातली पिवळ्या धोत्र्याची भेसळ, यांवर तिथल्या शास्त्रज्ञांनी मोठं काम केलं आहे. अशा शहरात एका गलाईवाल्याला बाटलीतला माल पाठीवर पट्ट्या लावून ओळखावा लागतो. सोन्यावर 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला. आता दोन ग्रॅमच्या अंगठीवरही सहा अक्षर-आकड्यांचा नंबर कोरलेला असतो. सुरुवातीला आम्ही सराफ्यातले खूप कुरकुरलो, मीही. पण कोरायला जागा नाही असं कुणाला म्हणता आलं नाही.

हात आता बरे आहेत. घरात वडीचा साबण आला. आतून सुती आणि वरून रबरी असे दोन हातमोजे घालून मी अजूनही रात्रीची भांडी घासतो, हिला ते सोयीचं झालंय. मागच्या महिन्यात हिरव्या बाटलीवरच्या नंबरला फोन केला. मुलगी गोड बोलली. टिकवण द्रव्य कुठलं, असं विचारल्यावर म्हणाली, "सर, आपको खुशबू पसंद नहीं आई?" पुन्हा समजावलं. तिनं थांबायला लावलं, गाणं वाजलं, मग अकरा आकड्यांचा तक्रार क्रमांक दिला आणि तीन दिवसांत फोन येईल म्हणाली. तो क्रमांक हिनं कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवला. पान उलटायच्या आधी नव्या महिन्यावर उतरवून घेतला आहे.