निलंबनाने वॉर्ड सुरक्षित होत नाही

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. चौकशी झाली, निलंबनं झाली, कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवलं. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता कक्ष पेटला, अकरा रुग्ण दगावले आणि पुन्हा निलंबनं झाली.

‘दोन-चार जणांना घरी बसवलं की बाकीचे सरळ होतात’, असं म्हणणारे अनेक भेटतात. कामचुकार माणसाला शिक्षा व्हावी, यात वाद नाही. पण विजेच्या तारा सिस्टर ओढत नाही. आणि शिक्षेच्या धाकाने चूक थांबत नाही, ती फक्त लपते.

आई एका ग्रामीण रुग्णालयात होती, तेव्हाची रात्र मला आठवते. वॉर्डात सुमन नावाच्या दोन बायका, खाटाही शेजारी. सिस्टर एकटी, रात्रीचे दोन वाजलेले. सिरिंज भरून ती आली, ‘सुमनबाई ना?’ म्हणाली आणि झोपेतल्या बाईने ‘हो’ म्हटलं. हात पुढे झाला, तेवढ्यात तिची नजर केसपेपरवरच्या आडनावावर गेली. ती थबकली, मागे फिरली. सकाळी तिने हे कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेमो मिळाला असता. म्हणून दुसऱ्या दिवशीही दोघी सुमन शेजारी शेजारीच होत्या.

‘पूर्ण नाव सांगा’ एवढं विचारायला किती निधी लागतो? औषधांच्या ट्रॉलीत अनेकदा केसीएलची (पोटॅशियम क्लोराइडची) ॲम्प्युल डिस्टिल्ड वॉटरशेजारी असते. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात, पण पातळ न करता केसीएल भरभर शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. ते ट्रॉलीतून काढून कुलपात ठेवायलाही मंत्रालयाची फाइल लागत नाही.

‘हे मोठ्या शहरांचे चोचले आहेत’, हा दुसरा आक्षेप. शस्त्रक्रियेच्या वेळी टीमने मोठ्याने वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची तपासयादी आठ ठिकाणी वापरून पाहिली, त्यांत दिल्ली होती आणि टांझानियातलं इफाकारासारखं आडगावही होतं. २००९ साली निष्कर्ष छापून आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी वापरात आली, तेव्हा मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. विरोधक तेवढंच धरून बसतात. मी त्यातून एवढंच घेतो की यादी आली म्हणून काम भागत नाही. नुसत्या खुणा करून केसपेपरला टाचलेला कागद कोणाला वाचवणार? तो वाचताना सर्जनला ‘थांबा’ म्हणायची मुभा सिस्टरला हवी.

माणसं कमी आहेत, हे खरंच आहे. रिक्त पदं भरा, हे मीही ओरडून सांगेन. पण एकट्या सिस्टरवर चाळीस खाटा असतात, तिथेच या सवयींची गरज जास्त, कारण तिथे दुसरी नजर नसते.

मला हवी आहे ती प्रत्येक वॉर्डात एक वही, थोडक्यात टळलेल्या चुकांची. नाव लिहायची सक्ती नको, त्या नोंदीवरून मेमो नको. दर आठवड्याला वैद्यकीय अधीक्षकांनी ती इन्चार्ज सिस्टर, वॉर्डातले मामा, मावशी सगळ्यांसमोर वाचावी. त्या रात्री ती वही असती, तर सकाळी एका सुमनबाईंची खाट खिडकीजवळ हलवली गेली असती.