पुस्तक आहे, पण सापडत नाही

गेल्या महिन्यात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आम्हाला शाळेच्या ग्रंथालयात भेटायला आली. यंदा ती शहरातल्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. तिथे तिला ‘आपल्या गावचा लेखक’ या विषयावर प्रकल्प करायचा होता आणि तिने चिं. वि. जोशी यांना निवडले होते. निवड ऐकून आम्हाला आनंद झाला. चिं. वि. बडोदा कॉलेजात पाली भाषा शिकवत. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही त्यांचीच मानसपुत्रांची जोडी. घरातल्या आजी-आजोबांना त्यांच्यावरची दूरदर्शन मालिकाही आठवत असेल.

पण मुलगी हिरमुसली होती. म्हणाली, “सर, आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत चिं. विं.चं एकही पुस्तक नाही. मी कॉम्प्युटरवर चार-चारदा शोधलं. मराठी पुस्तकंच नसतील तिथे.”

आम्हाला हे पटेना. त्या महाविद्यालयात एके काळी मराठी हा विषय होता, म्हणजे पुस्तके नक्कीच घेतली गेली असणार. दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रंथालय समितीचे दोघे जण तिच्याबरोबर तिथे गेलो आणि ग्रंथपालबाईंना भेटलो. त्यांची मातृभाषा गुजराती, पण त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. पुस्तकांची कपाटे तिथे सर्वांना खुली नाहीत. संगणकावर पुस्तक शोधायचे, त्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहायचा आणि ती चिठ्ठी खिडकीवर द्यायची, मग शिपाई पुस्तक आणून देतो. बाई मात्र आम्हाला थेट आत घेऊन गेल्या. ८९१.४६ असा क्रमांक लावलेले एक पूर्ण कपाट मराठी पुस्तकांनी भरलेले होते आणि दुसऱ्या खणात ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ उभे होते.

मग ते संगणकावर का सापडले नाही? बाहेर येऊन आम्ही नोंद उघडली. नाव इंग्रजी अक्षरांत होते. मुलीने ‘चिमणराव’ लिहिताना शेवटी ‘ओ’ टाकला होता, नोंदीत तिथे ‘व्ही’ होता. लेखक शोधताना तिने ‘चि’ आणि ‘वि’ ही अक्षरे जशी बोलतो तशी लिहिली, तर नोंदीत इंग्रजी पद्धतीने नुसते ‘सी’ आणि ‘व्ही’ होते. शेवटी तिने फक्त ‘जोशी’ लिहून पाहिले, तेव्हा गुजराती, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांच्या जोशींची एवढी लांब यादी आली की तिने नाद सोडला. पुस्तक घरात होते, दारावरची पाटी चुकली होती.

ही एका पुस्तकाची गोष्ट नाही. ‘मृत्युंजय’ हे नाव इंग्रजीत लिहायला बसा. ‘मृ’ साठी कोणी ‘एम-आर-आय’ लिहितो, कोणी ‘एम-आर-यू’. शेवटी ‘ए’ लावायचा की नाही, यावर पुन्हा दोन मते. म्हणजे एकाच कादंबरीची चार नावे झाली. सावंत यांच्या नावात ‘डब्ल्यू’ की ‘व्ही’, हा प्रश्न वेगळाच. ‘ज्ञानेश्वर’ तर विचारूच नका. मराठी माणूस ‘डी-एन-वाय’ लिहितो, हिंदीभाषक ‘जी-वाय’, आपल्या गुजरातेत ‘जी-एन’ही चालते आणि संस्कृतचे अभ्यासक ‘जे-एन’ लिहितात. परदेशातील मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत ‘खांडेकर’ या नावाच्या शेवटीही ‘ए’ असतो, कारण तिथल्या लिप्यंतराच्या नियमात शेवटचा ‘अ’ लिहावा लागतो. यात चूक कोणाचीच नाही. पण संगणकाला ‘ओ’ आणि ‘व्ही’ यांचा उच्चार कळत नाही. आपण जे अक्षर देतो तेवढेच तो जुळवून पाहतो.

ग्रंथपालबाईंनी आपली बाजूही सांगितली. जुन्या दाखल-रजिस्टरवरून संगणकात नोंदी करण्याचे काम त्यांच्या आधीच्या काळात घाईघाईने उरकले गेले होते. टंकलेखकांना मराठी येत नव्हते. त्यांनी रजिस्टरमध्ये दिसेल ते उतरवले. मग बाई जे बोलल्या ते ऐकून आम्ही गप्प झालो. जागा कमी पडत असल्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकांची मोजणी होणार आहे. जी पुस्तके गेल्या दहा वर्षांत एकदाही कोणी नेली नाहीत, ती वेगळी काढून तळघरात बांधून ठेवायची असे ठरले आहे. मराठीच्या त्या कपाटातली बहुतेक पुस्तके या यादीत बसतात.

म्हणजे गंमत पाहा. पुस्तक सापडत नाही म्हणून कोणी नेत नाही आणि कोणी नेत नाही म्हणून ते नकोसे ठरते. पाच वर्षांनी कोणी विचारले तर उत्तर मिळेल, “इथे मराठी पुस्तकांना वाचकच नाही.” ते उत्तर कागदावर खरे असेल, आणि तरीही चुकीचे असेल.

काही पालक म्हणतील, आता सगळे मोबाईलवर मिळते, या कपाटांसाठी एवढा खटाटोप कशाला? सगळे मिळत नाही, हा आमचा अनुभव आहे. जुन्या मराठी पुस्तकांपैकी कितीतरी पुस्तके इंटरनेटवरही नाहीत आणि दुकानातही नाहीत. ती उरली आहेत ती अशाच कपाटांत. आणखी काही जण म्हणतील, मुलांनाच मराठी वाचायचे नाही. ही मुलगी तर पुस्तक शोधत चार वेळा संगणकापाशी गेली होती. वाचायची इच्छा असलेल्या मुलाला रिकाम्या हाती परत पाठवायचे आणि मग त्यालाच दोष द्यायचा, हे आम्हाला मान्य नाही.

आपल्या शहराला तर हे मुळीच शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. नुसते वाचायला शिकवून भागणार नाही, हातात पुस्तकही हवे, हे ओळखून त्यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले. पुस्तके पेट्यांत भरून खेडोपाडी पाठवली. १९१२ साली इथून निघालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीच्या जोडीने मराठीलाही जागा होती. पुढे १९३१ साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यांतल्या तिसऱ्याचा आशय असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ते घडवून आणणारे साधन म्हणजे सूची. पूर्वी ती लाकडी खणांतल्या कार्डांवर असे, आता संगणकावर आहे. काम तेच आहे.

उपाय अवघड नाही. ग्रंथालये नोंदींसाठी ‘मार्क २१’ नावाचा जो साचा वापरतात, त्यात पुस्तकाच्या पर्यायी नावांसाठी २४६ क्रमांकाचा वेगळा रकानाच ठेवलेला आहे. तिथे देवनागरीतले नाव आणि इंग्रजी स्पेलिंगची एक-दोन रूपे भरली की कोणत्याही वाटेने येणाऱ्याला पुस्तक सापडते. जुनी नोंद पुसावी लागत नाही. ग्रंथपालबाई आम्हाला म्हणाल्या, “तुम्ही शुद्ध यादी करून द्या, भरायचे काम माझे.” यापेक्षा जास्त काय हवे? कपाट एकच आहे. मराठी नीट येणारे चार जण काही शनिवार बसले तर उन्हाळ्यापूर्वी यादी तयार होईल.

म्हणून आमचे तीन वर्गांना तीन वेगळे सांगणे आहे.

विद्यार्थ्यांनो, संगणकाने ‘नाही’ म्हटले म्हणजे पुस्तक नाही असे समजू नका. पूर्ण नाव लिहिण्याऐवजी एखादाच ठळक शब्द लिहा. स्पेलिंग बदलून पाहा. अनेक ठिकाणी शब्दाची पहिली काही अक्षरे लिहून पुढे तारकाचिन्ह दिले की उरलेले रूप काहीही असले तरी चालते. आडनाव सर्वसाधारण असेल तर त्याच्या जोडीला पुस्तकाच्या नावातला शब्द द्या. देवनागरीतही शोधा, पण ‘चऱ्हाट’ मधला ‘ऱ्ह’ संगणकावर दोन तऱ्हांनी उमटवता येतो, तेव्हा असा शब्द टाळून सोपा शब्द निवडा. आणि काहीच जमले नाही तर ८९१.४६ हा आकडा लक्षात ठेवा. ड्यूई दशांश पद्धतीत तो मराठी साहित्याचा क्रमांक आहे. ही पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात क्रमांकाने शोधले की मराठी पुस्तकांची रांग समोर येते. शेवटचा उपाय म्हणजे ग्रंथपालांना विचारणे. त्यात कमीपणा नाही.

पालकांनो, यादीच्या कामासाठी आपला एखादा शनिवार द्या. आजोबा-आजींना बरोबर आणलेत तर फारच उत्तम. मुखपृष्ठ फाटलेले पुस्तक कोणाचे, हे त्यांना चार ओळी वाचून कळते.

विश्वस्त मंडळींना आमची विनंती थोडी अडचणीची आहे. दुसऱ्यांच्या ग्रंथालयाबद्दल एवढे लिहिल्यावर आम्ही आपल्या शाळेचे रजिस्टर उघडून पाहिले. आपल्याकडेही मराठी पुस्तकांची नावे इंग्रजीतच लिहिलेली आहेत, तीही तीन हस्ताक्षरांत आणि तीन स्पेलिंगांत. मराठी शाळेच्या रजिस्टरमध्ये मराठी पुस्तकाचे नाव मराठीत नाही, याची लाज आधी आम्हालाच वाटली पाहिजे, कारण ग्रंथालय समितीत आम्हीच आहोत. तेव्हा यंदापासून प्रत्येक नवी नोंद देवनागरीत व्हावी, जुन्या नोंदी टप्प्याटप्प्याने दुरुस्त व्हाव्यात आणि आठवी-नववीला पंधरा दिवसांतून एक तास सूची कशी पाहावी हे शिकवण्यासाठी मिळावा, असा ठराव आम्ही पुढच्या सभेत मांडत आहोत. यासाठी एक संगणक आणि थोडा वेळ, एवढाच खर्च आहे.

त्या मुलीने ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ त्याच दिवशी आपल्या नावावर घेतले. पुस्तकामागच्या चिठ्ठीवर त्याआधीचा शिक्का फार जुना होता. बाईंनी त्याखाली नवा शिक्का मारला, आणि तेवढ्याने ते पुस्तक तळघराच्या यादीतून सुटले. बाकीचे कपाट अजून तिथेच आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात आपले नाव नोंदवावे. उन्हाळ्याची सुट्टी फार लांब नाही.