पाठीवरचे ओझे आणि दुचाकीचा तोल

सकाळी साडेनऊच्या सुमारास पुण्यातील कर्वे रस्त्याच्या किंवा सिंहगड रस्त्याच्या कडेला कोणी घटकाभर उभा राहिला, तर एक दृश्य त्याच्या डोळ्यांत भरल्यावाचून राहणार नाही. समोरून जाणाऱ्या दुचाकीस्वारांपैकी कितीतरी जणांच्या पाठीवर सॅक असते. कारकुनाच्या सॅकमध्ये जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि छत्री. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या सॅकमध्ये पुस्तके आणि लॅपटॉप. शिक्षिकेच्या सॅकमध्ये तपासावयाच्या वह्यांचा गठ्ठा. घरोघरी खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या तरुणाच्या पाठीवर तर चौकोनी पेटीच बांधलेली. हेल्मेटच्या प्रश्नावर या शहरात वर्षानुवर्षे वाद झडले. २०१९ च्या जानेवारीत सक्तीच्या अंमलबजावणीविरुद्ध निदर्शनेही झाली. परंतु पाठीवरच्या या ओझ्याविषयी ना वाद, ना चर्चा. जे सर्वांच्याच पाठीवर आहे ते कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही, असा हा प्रकार आहे.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. हेल्मेट नसताना मरण पावलेल्यांची संख्या ५०,०२९ इतकी नोंदली गेली आहे. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत, आणि त्यांचे खापर सॅकवर फोडणे हास्यास्पद ठरेल. अतिवेग, खड्डे, दारू, उलट दिशेने येणारी वाहने हीच मोठी कारणे होत. तथापि दुचाकी हे मुळातच तोलावर चालणारे वाहन आहे, आणि तोल बिघडविणारी प्रत्येक गोष्ट त्या वाहनाच्या बाबतीत विचारार्ह असते. सॅक वापरावी की न वापरावी, हा प्रश्नच नव्हे. ओझे वाहनाने वाहावयाचे की स्वाराच्या शरीराने, हा खरा प्रश्न आहे.

सॅक पाठीवर कशी चढली?

हा प्रश्न पूर्वी पडत नव्हता, याला कारण आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकने मध्यमवर्गीय कुटुंबाला स्कूटर दिली, तेव्हा तिच्यासोबत पायांपुढची सपाट जागा आणि सामानासाठी डिकीही दिली. कचेरीची रेक्झिनची पिशवी पायांजवळ उभी राही, भाजीची पिशवी तेथेच मावे, आणि विद्यार्थ्याची शबनम खांद्यावरून उतरून हुकाला लटके. ओझे स्कूटर वाहत असे. स्वार मोकळा असे.

१९८५ मध्ये हीरो होंडाची १०० सीसीची मोटारसायकल आली. कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर जाणारे वाहन म्हणून मोटारसायकलीने पुढील दीड दशकात स्कूटरला मागे टाकले. हे स्वाभाविकच होते. परंतु या बदलात एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. मोटारसायकलीवर दोन गुडघ्यांच्या मध्ये पेट्रोलची टाकी असते. पिशवी ठेवावयास तेथे जागाच नाही. तेव्हा ती पाठीवर चढली, आणि पुढे लॅपटॉप आल्यावर तिचे वजनही वाढले. नव्या गिअरविरहित स्कूटरमध्ये आसनाखाली जागा असते खरी. पण तेथे हेल्मेट, रेनकोट आणि किरकोळ सामान आधीच मुक्काम करून असते. सॅक पाठीवरच राहते. ज्याला आज आपण स्वाराची सवय म्हणतो, ती वस्तुतः वाहनाच्या रचनेतून आलेली अपरिहार्यता आहे.

तोलाचे गणित

आठ किलो वजनाची सॅक ही काही अपवादात्मक गोष्ट नव्हे. लॅपटॉप, त्याचा चार्जर, भरलेला डबा, लिटरभर पाणी आणि दोन जाड पुस्तके यांतच पाच-सहा किलो भरतात. हे ओझे खांद्यांच्या पातळीवर, म्हणजे वाहनाच्या आसनापेक्षा बरेच वर असते. वजन जितके उंच, तितका तोल सांभाळणे अवघड, हे शाळेत शिकविले जाणारे तत्त्व येथे रोज सिद्ध होते. खड्डा चुकविण्यासाठी स्वार अंग एका बाजूला झुकवितो तेव्हा सैल सॅक क्षणभर मागे राहते आणि मग त्याच्या पाठीवर आदळते. स्वाराने एकदा तोल साधलेला असतो. सॅक त्याला दुसऱ्यांदा तो साधावयास लावते.

ब्रेक लावताना हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावला असता आठ किलोची सॅक सुमारे पाच किलोच्या जोराने स्वाराला पुढे ढकलते, आणि तो भार अखेर मनगटांवर, म्हणजे हँडलवर येतो. प्रत्यक्ष धडकेत हे आकडे भयावह होतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे शरीर एका मीटरच्या अंतरात थांबले, तर आठ किलोची सॅक त्या क्षणापुरती जवळजवळ पन्नास किलोच्या ओझ्यासारखी वागते. पाठीवर एक माणूस बसावा, असाच तो प्रकार.

याखेरीज लहानसहान वाटणारे धोके आहेत. सॅक उंच भरलेली असली, की हेल्मेटची मागची कड तिच्यावर टेकते आणि मान वळवून मागे पाहणे कठीण होते. खांद्यांपेक्षा रुंद सॅक दोन वाहनांच्या फटीतून जाताना बसला किंवा रिक्षाच्या आरशाला घासते. लोंबणारा पट्टा चाकात जाऊ शकतो. रात्री मागून येणाऱ्या वाहनचालकाला स्वाराची पाठच प्रथम दिसावयाची. ती काळ्या सॅकने झाकली, तर तीही दिसत नाही.

‘पाठीला आधार’ हा गैरसमज

अनेक स्वारांचा असा समज असतो, की पडलो तर सॅक गादीसारखी उपयोगी पडेल. सॅकमध्ये केवळ कपडे असतील तर या म्हणण्यात काही तथ्य आहे, आणि रस्त्यावर घसरताना जाड कापडामुळे कातडे वाचते हेही खरे. परंतु कचेरीच्या किंवा महाविद्यालयाच्या सॅकमध्ये कपडे नसतात. पोलादी डबा, धातूची बाटली, लॅपटॉपचा कठीण कोपरा, गाडीचे कुलूप या वस्तू थेट मणक्यांना लागून असतात. पाठीवर पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत साऱ्या शरीराचा आघात या एखाद्या कठीण वस्तूवर एकवटतो. शिवाय फुगीर सॅकवर पडलेल्या शरीराचा मधला भाग उचललेला राहतो आणि डोके व कंबर मागे झुकतात. मोटारसायकलस्वारांसाठी खास तयार केलेले पाठकवच निराळे असते. युरोपात त्यासाठी आघात शोषून घेण्याच्या क्षमतेचे स्वतंत्र मानक ठरविलेले आहे. सॅकची तशी कोणतीही परीक्षा झालेली नसते.

मागे बसणाऱ्याची दैना

स्वाराने सॅक पाठीवर ठेवली आणि मागे दुसरा माणूस बसला, की अडचण दुप्पट होते. मधल्या सॅकमुळे मागचा माणूस आसनाच्या टोकाशी ढकलला जातो. त्याला स्वाराला धरता येत नाही आणि पुढचे दिसत नाही. वजन मागे सरकल्यामुळे पुढचे चाक हलके होते व हँडलचा ताबा उणावतो. मागे बसणाऱ्याच्याही पाठीवर सॅक असेल, तर वाहन झटक्याने पुढे जाताच ती त्याला मागे खेचते.

शाळेच्या मुलांच्या बाबतीत हे चित्र काळजी वाटावी असे आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्याचे दप्तर त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणजे पंचवीस किलोच्या मुलाचे दप्तर अडीच किलोचे. हा नियम मूल चालत जाते असे गृहीत धरून पाठीच्या आरोग्यासाठी केलेला आहे. तेच मूल वडिलांच्या मागे बसून, एका हाताने त्यांचा सदरा धरून आणि दुसऱ्या हाताने डब्याची पिशवी सांभाळून खड्ड्यांतून जाते, तेव्हा त्या दप्तराचा जोर किती वाढतो याचा विचार धोरणात नाही. चार वर्षांखालील मुलांना स्वाराशी पट्ट्याने जोडावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम १५ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने केला. पण पाठीवरची जागा सॅकने आधीच अडविलेली असेल, तर मुलाला बांधावयाचे कोठे?

जबाबदारी एकट्या स्वाराची नव्हे

अशा प्रश्नांवर आपल्याकडे दोनच उपाय सुचतात: एक तर दंड, नाही तर उपदेश. दोन्ही येथे अपुरे आहेत. सॅक वापरणाऱ्याला दंड करणे म्हणजे कारकुनाला डब्याबद्दल आणि विद्यार्थ्याला पुस्तकांबद्दल शिक्षा करणे होय. उपदेश मात्र थोडा उपयोगी आहे, कारण काही गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. पट्टे आवळून सॅक अंगाशी घट्ट ठेवावी, छातीवरचा पट्टा लावावा, लोंबती टोके आत खोवावीत, जड वस्तू खाली ठेवून कठीण वस्तू कण्यापासून दूर ठेवाव्यात, आणि मागील बाजूस प्रकाश परावर्तित करणारी पट्टी शिवून घ्यावी. एका खांद्यावरची पिशवी आणि हँडलला टांगलेली पिशवी या दोन्ही तर सॅकहूनही वाईट. पहिली वळणावर पुढे घसरते आणि दुसरी हँडल वळू देत नाही.

परंतु मूळ उपाय वाहनातच हवा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ, पाय टेकण्याची सोय आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतके मागचे चाक झाकणारी जाळी बंधनकारक केली. पदर आणि ओढणी यांचा विचार नियमकर्त्यांनी केला, हे स्तुत्यच आहे. २०२० मध्ये याच संदर्भात ५५० मिलिमीटर लांब, ५१० मिलिमीटर रुंद आणि ५०० मिलिमीटर उंच इतक्या मर्यादेतील हलकी पेटी दुचाकीला बसविण्याची तरतूद झाली. म्हणजे ओझे वाहनावर ठेवण्याचा मार्ग कायद्याने खुला आहे. उत्पादकांनी सॅक बांधता येईल असे भक्कम कॅरिअर प्रत्येक साध्या मोटारसायकलीवर मूळ किमतीतच द्यावे, एवढे पाऊल अवघड नाही. आज ते स्वाराने पदरचे पैसे घालून बसवावयाचे असते, आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज त्यालाच ते परवडत नाही.

शाळांनी जड पुस्तके वर्गातच ठेवण्याची सोय केली, कचेऱ्यांनी कर्मचाऱ्यांना एक कुलपाचा खण दिला, तर रोजचे निम्मे ओझे आपोआप उतरेल. सर्वांत गंभीर जबाबदारी घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांची आहे. त्यांचा तरुण दिवसाचे कित्येक तास पाठीवर पेटी घेऊन, घड्याळाशी शर्यत करीत हिंडतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराची व्याख्या केली; पण त्याच्या पाठीवरची पेटी वाहनावर उतरविण्याचा खर्च कोणी करावयाचा, हे ठरविल्यावाचून ती व्याख्या कागदावरच राहील. ज्याचा माल, त्यानेच त्याच्या वहनाची सुरक्षित सोय करावी, हा न्याय हमालाच्या हातगाडीइतका जुना आहे.

माणसाने चाक शोधले ते पाठीवरचे ओझे उतरविण्यासाठी. दोन चाके आणि एक इंजिन हाताशी असूनही ते ओझे पाठीवरच राहावे, याला प्रगती म्हणता येणार नाही. सकाळी घरातून निघालेला मनुष्य संध्याकाळी सुखरूप परतावा, एवढीच घरच्यांची अपेक्षा असते. त्यासाठी त्याच्या डोक्यावर काय असावे याची चर्चा पुष्कळ झाली; आता त्याच्या पाठीवर काय नसावे, याचाही विचार व्हावयास हवा.