गुळवेल अमृतच, पण रोज पेलाभर काढा कशाला? यकृताच्या तक्रारींनंतर गावोगावी विचारला जाणारा प्रश्न

कोरोनाच्या काळात गावागावांत एकच काम जोरात होतं, ते म्हणजे बांधावरची, कडुनिंबावरची गुळवेल तोडून आणायची आणि काढा उकळायचा. 'प्रतिकारशक्ती वाढते' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरला आणि घरातली लहानथोर सगळीच काढा प्यायला लागली. कोरोना ओसरला, पण अनेक घरांत सकाळचा काढा अजून सुरूच आहे. प्रश्न आहे तो इथेच.

नेमकं काय घडलं?

2020 च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांकडे काविळीचे सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. 2021 मध्ये ही माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांवरच्या 43 रुग्णांचा अहवाल आला. डॉक्टरांचा अंदाज असा, की गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते. ज्यांच्या शरीरात ही शक्ती स्वतःवरच उलटण्याची प्रवृत्ती आधीपासून असते, त्यांच्यात ती यकृतावर हल्ला करू शकते.

आयुष मंत्रालयाने हे मान्य केलं नाही. गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' ही दुसरी वेल चुकून वापरली जाऊ शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं. वाद पूर्ण मिटलेला नाही. मात्र दोन्ही बाजूंमधून गावकऱ्यांसाठी निघणारा धडा एकच आहे: ओळख पक्की हवी, माप हवं आणि सल्ला हवा.

वेल ओळखायची कशी?

खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट असतं, त्यावर गाठीसारखे उंचवटे नसतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही. क्रिस्पाचं खोड राखाडी, गाठीगाठींचं असतं आणि त्यातून पांढरा चीक येतो. पानं दोन्हींची बदामाच्या आकाराची, त्यामुळे नुसत्या पानावरून ओळखू नये.

माप किती?

भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत चूर्ण 3 ते 6 ग्रॅम आणि काढ्यासाठी खोड 20 ते 30 ग्रॅम असं प्रमाण दिलेलं आहे. घरात मात्र हातभर कांडी ठेचून टाकली जाते, आणि तीही महिनोन्महिने. वैद्य औषध देतात ते आजार, वय आणि प्रकृती बघून, ठरावीक दिवसांसाठी.

कोणी जपायचं?

यकृताचा जुना आजार, थायरॉइड किंवा संधिवातासारखे प्रतिकारशक्तीशी निगडित आजार असणाऱ्यांनी, तसंच गरोदर बायांनी, विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त खाली जाऊ शकते. डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, भूक मरणं, अंगाला खाज सुटणं यातलं काही जाणवलं, तर काढा लगेच बंद करून सरकारी दवाखाना गाठावा आणि काढा घेत होतो हे डॉक्टरांना न लपवता सांगावं. बरेच जण 'झाडपाला' म्हणजे औषध नाही असं समजून सांगतच नाहीत आणि निदान लांबतं.

गुळवेलीला बदनाम करण्यात कोणाचंच हित नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकली, त्यावर अनेक घरं चालली. ही वेल विश्वासावरच विकली जाते. तो टिकवायचा तर काढा चहासारखा नाही, औषधासारखा घ्यायला हवा.